थरथर हेलियमची की दाबाची?

साधी हवा श्वासात घेत खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांना, म्हणजे गोताखोरांना, दारू चढल्यासारखं होतं, त्याला जबाबदार नायट्रोजन, हे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये मांडलं. नायट्रोजनच्या जागी हेलियम वापरण्याची कल्पना अमेरिकी संशोधक एलिहू थॉमसन यांनी १९१९ मध्येच सुचवली होती. १९३७ मध्ये अमेरिकी गोताखोर मॅक्स नोल हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण घेऊन मिशिगन सरोवरात ४२० फूट उतरले, १९३९ मध्ये बुडालेली ‘स्क्वॉलस’ पाणबुडी वर काढतानाही नौदलाने तेच वापरलं. डोकं शाबूत राहत होतं, प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

तो सुटला नव्हता. दीडशे-दोनशे मीटरच्या पुढे, विशेषतः दाब भराभर वाढवला तर, हात थरथरू लागत, चक्कर येई, मळमळे. ब्रिटिश नौदलाच्या प्रयोगशाळेत पीटर बेनेट यांनी १९६५ मध्ये हे टिपलं. त्यांची एक चाचणी अगदी साधी होती: चिमट्याने बारीक छर्रे उचलून नळीत टाकायचे. खोली वाढली की नळीत पडणारे छर्रे कमी होत. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या दाबकक्षात, म्हणजे खोल पाण्याइतका दाब निर्माण करणाऱ्या बंद खोलीत, राल्फ ब्राउअर आणि रेने व्हेरून ३६२ मीटर खोलीइतक्या दाबापर्यंत गेले. मेंदूच्या आलेखात संथ लहरी वाढल्या, हाताला काम नसलं की डुलक्या लागू लागल्या. प्रयोग तिथेच थांबवला.

आळ हेलियमवर आला, खरा आरोपी मात्र दाबच. याचा धागा १९५० च्या एका प्रयोगात होता. मद्यार्कात गुंगलेले बेडकांचे डिंभ (शेपटीवाली पिल्लं) प्रचंड दाबाखाली पुन्हा पोहू लागले होते. म्हणजे दाब मज्जासंस्थेला चेतवतो आणि गुंगी आणणारा वायू तिला शांत करतो. हेलियम गुंगी आणत नाही, म्हणून दाबाला आवर घालणारं कुणी उरत नाही. मग ज्याला हाकललं त्याच नायट्रोजनला चिमूटभर परत बोलावलं गेलं, आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या कक्षात माणसं ६८६ मीटरइतक्या दाबापर्यंत पोहोचली. (आपल्या मुंबई हायला समुद्र जेमतेम ७५ मीटर, तिथल्या पाणबुड्यांना या थरथरीची धास्ती नाही.)

दाबाचा आणि हेलियमचा परिणाम हृदयावरही होतो, पण ती गोष्ट इतकी नाट्यमय नाही. वाढत्या दाबात ठोके मंदावतात, त्यात ऑक्सिजनच्या वाढलेल्या दाबाचाही वाटा असतो. हेलियम उष्णता झटपट वाहून नेतो, त्यामुळे शरीर गारठतं आणि हृदयावर तोही ताण पडतो. २००७ मध्ये सशांवरच्या प्रयोगात हेलियम हुंगवल्यावर रक्तपुरवठा तुटूनही हृदयाची हानी कमी झाली. माणसांच्या बायपास शस्त्रक्रियेत मात्र असा फायदा आढळला नाही.