गेम डेव्हलपमेंटचे विद्यापीठीय शिक्षण

गेम डेव्हलपमेंटचे विद्यापीठीय शिक्षण : संगणक, कन्सोल व मोबाइलवरील गेमची रचना, प्रोग्रॅमिंग, चित्रण, ध्वनी आणि निर्मितीचे व्यवस्थापन शिकवणारे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम. १९९० च्या दशकापर्यंत या धंद्यातली बहुतेक माणसे घरच्या संगणकावर स्वतःच शिकलेली, नाहीतर संगणकशास्त्र, गणित किंवा चित्रकला शिकून इकडे वळलेली होती. त्यामुळे या कामाला स्वतंत्र पदवी हवी कशाला, हा वाद पदवीइतकाच जुना आहे.

उत्तर अमेरिकेत सुरुवात डिजिपेन या संस्थेने केली. कॅनडातील व्हँकूवर येथे १९८८ मध्ये सिम्युलेशन व अ‍ॅनिमेशनची कंपनी म्हणून निघालेल्या या संस्थेने निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकी शाखेच्या सहकार्याने १९९४ मध्ये गेम प्रोग्रॅमिंगचे वर्ग सुरू केले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने तिला पदवी देण्याची परवानगी दिली आणि १९९८ पासून तिथल्याच रेडमंड येथे पदवीचे वर्ग भरू लागले. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या अ‍ॅबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये कंप्यूटर गेम्सची पदवी सुरू केली. जगातील पहिली म्हणून सहसा तिचेच नाव घेतले जाते.

हा मान डंडीकडे कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. एकेकाळी हे शहर बंगालच्या तागावर जगत होते. पुढे कोलकात्याच्या गिरण्यांशी स्पर्धा झेपेना, तशा इथल्या गिरण्या विसाव्या शतकात एकेक करून बंद पडत गेल्या. टायमेक्सच्या घड्याळांच्या कारखान्याने काही काळ हात दिला. याच कारखान्यात १९८० च्या दशकात सिंक्लेअर कंपनीचे झेडएक्स ८१ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम हे स्वस्त घरगुती संगणक जुळवले जात. त्यांतले काही मागच्या दाराने गावात पोचले, असे डंडीत आजही हसत हसत सांगतात. ते खरे असो वा नसो, कामगार वस्तीतल्या पोरांच्या हाती संगणक लवकर आले. ही पोरे किंग्जवे हौशी संगणक मंडळात जमत. टायमेक्समध्ये काम केलेला डेव्हिड जोन्स त्यांच्यातलाच. पुढे अ‍ॅबर्टे विद्यापीठ झालेल्या तंत्रसंस्थेत शिकत असतानाच त्याने डीएमए डिझाइन ही कंपनी काढली. तिचा ‘लेमिंग्ज’ हा गेम १९९१ मध्ये आला आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ १९९७ मध्ये, म्हणजे पदवी सुरू झाली त्याच वर्षी. टायमेक्सचा कारखाना कडव्या संपानंतर १९९३ मध्येच बंद झाला होता. थोडक्यात, आधी मुले, मग कंपनी आणि शेवटी पदवी असा हा क्रम आहे. गेमच्या पदव्या काढणाऱ्या अनेक विद्यापीठांनी नंतर तो उलटा लावला.

अभ्यासक्रमात साधारणपणे प्रोग्रॅमिंग, कला आणि डिझाइन अशा तीन वाटा असतात. पहिल्या वाटेवर गळती अधिक, आणि तिचे कारण बहुधा गणित. गेम खेळायला आवडतो म्हणून आलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी सदिश, मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती भेटते. गेममधल्या पहारेकऱ्याला खेळाडू दिसण्याची शक्यता आहे का, हे ठरवताना तो समोर आहे की पाठीमागे हे आधी काढावे लागते. त्यासाठी पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा आणि खेळाडूकडे जाणारी दिशा यांचा अदिश गुणाकार करतात. उत्तर धन आले तर खेळाडू समोर, ऋण आले तर मागे. बारावीत निरर्थक वाटलेले हे गणित इथे एका ओळीचा कोड होऊन जाते. शिवाय वेळेची शिस्त असते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूने दाबलेले बटण वाचायचे, वस्तू हलवायच्या, टकरी तपासायच्या, शत्रूने काय करायचे ते ठरवायचे आणि सारे पुन्हा रेखाटायचे. म्हणूनच सी प्लस प्लस ही जुनी, किचकट पण वेगवान प्रोग्रॅमिंग भाषा या वर्गांतून अजून गेलेली नाही.

युनिटी आणि अनरिअल ही तयार इंजिने, म्हणजे चित्र रेखाटणे, टकरी तपासणे अशी पायाभूत कामे करणारी सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांना विनाशुल्क मिळू लागल्यावर एक नवा पेच पडला. इंजिन हाताशी असताना ते आतून कसे चालते, हे शिकवावे का? डिजिपेनने प्रोग्रॅमिंगच्या विद्यार्थ्यांना स्वतःचे इंजिन लिहायला लावण्यावर भर दिला. इतर अनेक ठिकाणी पहिल्या महिन्यातच तयार इंजिन उघडले जाते. दुसऱ्या पद्धतीत गेम लवकर दिसतो, मात्र तो अडकला की का अडकला हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही.

डिझाइनच्या वर्गात बराच वेळ संगणक बंद असतो. नियम आधी कागद, फासे आणि सोंगट्या वापरून तपासले जातात. मग त्रयस्थाला खेळायला बसवतात, आणि रचना करणाऱ्याने शेजारी गप्प बसून पाहायचे, मदत करायची नाही, असा दंडक असतो. हे गप्प बसणे अनेकांना कोडपेक्षा अवघड जाते.

खरे शिक्षण होते ते गटात. कोड संगणकशास्त्राच्या विभागातही शिकता येतो आणि चित्र कला महाविद्यालयातही. पण चित्रकार, प्रोग्रॅमर आणि डिझाइनर यांना एका मुदतीत एकच वस्तू पुरी करायला लावणे, हे जुन्या विभागांना जमत नव्हते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राचे रँडी पॉश आणि नाट्यविभागाचे डॉन मरिनेली यांनी १९९० च्या दशकाअखेर एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर उभारले. तिथल्या एका गाजलेल्या विषयात काही आठवड्यांत एक आभासी जग उभे करायचे, आणि पुढच्या खेपेला सोबती बदलायचे, अशी पद्धत होती. अ‍ॅबर्टेने ‘डेअर टू बी डिजिटल’ या स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या पाच-पाच जणांच्या गटांना उन्हाळ्याच्या सुट्टीत गेम बनवायला बसवले आणि तो लोकांसमोर खेळायला ठेवला. कोणाचे काम अडले, कोणी कोणाची फाइल पुसली, मुदत जवळ आल्यावर गेममधले काय कापायचे, ही भांडणे इथे अभ्यासक्रमाचाच भाग असतात.

गटकामातून निघालेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डिजिपेनचे आहे. ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ हा विद्यार्थ्यांचा २००५ चा गेम पाहून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने तो अख्खा गट नोकरीवर घेतला. त्यातून २००७ मध्ये ‘पोर्टल’ हा गेम आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘क्लाउड’ हा गेम करणाऱ्या गटातील जेनोव्हा चेन आणि केली सँटियागो यांनी पुढे दॅटगेमकंपनी या नावाची गेम कंपनी स्थापन केली. प्रवेशाच्या जाहिरातींना अशा कथा आवडतात. पालकांनी त्या अपवाद म्हणून वाचाव्यात.

कारण नोकरीचे गणित वेगळे आहे. २०११ मध्ये गेम उद्योगातले इयन लिव्हिंगस्टन आणि व्हिज्युअल इफेक्ट्स उद्योगातले अ‍ॅलेक्स होप यांच्या अहवालाने ब्रिटनमधल्या गेम अभ्यासक्रमांवर कडक टीका केली. नावात गेम असलेल्या पदव्या उदंड, पण उद्योगाला हव्या त्या तोडीचे पदवीधर थोडे, असा त्याचा रोख होता. शाळेत संगणक वापरायला शिकवतात, प्रोग्रॅमिंग नाही, हे दुखणे त्याने पुढे आणले आणि इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात २०१४ मध्ये झालेल्या बदलाला त्यातून बळ मिळाले. धंदाही बेभरवशाचा. डीएमए डिझाइनच्या जोन्सनेच डंडीत काढलेली रिअलटाइम वर्ल्ड्स ही मोठी कंपनी २०१० मध्ये नवा गेम बाजारात आणल्यावर काही आठवड्यांतच कोसळली. २०२३-२४ मध्ये तर जगभरच्या कंपन्यांनी हजारो लोकांना काढले.

भारतात या विषयाला विद्यापीठीय रूप उशिरा आले. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू संकुलात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्यात फुरसुंगी येथे फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने अ‍ॅनिमेशन व गेमचे शिक्षण काही वर्षे चालले. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, आणि ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. अ‍ॅनिमेशन व व्हिज्युअल इफेक्ट्सबरोबर गेमिंगही तिच्या कक्षेत आहे. तरी महाराष्ट्रातून या क्षेत्रात जाणारी कित्येक मुले अजूनही संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतात आणि गेम रात्री, मित्रांबरोबर बनवतात. मुलाखतीत पदवीच्या कागदाआधी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा संग्रह, पाहिला जातो. त्यात अर्धवट सोडलेल्या दहा गेमपेक्षा पुरा केलेला एक छोटा गेम असणे अधिक उपयोगी पडते.