गरम हवा वर जाते, पण पंख्यापुढे तिचं काही चालत नाही

कॉम्प्युटरच्या छोट्या केसमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या डब्यात, वरचा पंखा हवा बाहेरच फेकणारा असावा, कारण गरम हवा वर जाते, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कारण खरं, निष्कर्ष चुकीचा. एवढ्याशा डब्यात त्या हवेचा वर जाण्याचा जोर इतका क्षीण असतो की १२० मिमीचा पंखा मंद फिरतानाही तिला हवं तिकडे ढकलतो.

खरा घोळ वेगळाच. ग्राफिक्स कार्डाने (पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग) फेकलेली गरम हवा तेच कार्ड पुन्हा ओढतं. त्याच्या पंख्यांच्या कडेपासून केसच्या जाळीपर्यंतची फट फोमच्या पट्टीने चहूबाजूंनी बुजवा. (पुठ्ठाही चालतो, दिसतो मात्र भिकार.) मग वरचा पंखा एकदा सुलट, एकदा उलट लावून अर्धा-अर्धा तास तोच गेम चालवा आणि तापमान लिहून ठेवा. काही केसमध्ये हवा आत ओढणारा पंखाच जिंकतो.