आंशिक गुडघा सांधेबदल

झिजेच्या संधिवाताने गुडघ्याचा एकच कप्पा निकामी झाला असेल, तर तेवढ्याच भागावर कृत्रिम पृष्ठ बसवण्याची शस्त्रक्रिया. बोलीभाषेत 'अर्धा गुडघा बदलणे'. गुडघ्याला तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. चालताना शरीराचा भार आतल्या कप्प्यावर अधिक येतो, म्हणून झीज आणि शस्त्रक्रियाही बहुधा तिथलीच.

कुठे दुखते असे विचारल्यावर कोणी अख्ख्या गुडघ्यावरून तळवा फिरवतो, तर कोणी सांध्याच्या आतल्या कडेवर नेमके एक बोट टेकवतो. हा बोट टेकवणारा रुग्ण या शस्त्रक्रियेत बसण्याची शक्यता जास्त. अर्थात निर्णय बोटावर होत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतली फट मिटून हाडाला हाड टेकलेले दिसावे लागते. पायाला बाजूने ताण देऊन काढलेल्या एक्स-रेत बाहेरची फट शाबूत असावी लागते. एसीएल हा सांध्याच्या मध्यात मांडीचे हाड व नडगी यांना बांधणारा अस्थिबंधही सहसा धड हवा. आमवातासारखा विकार अख्खा सांधा पोखरतो, त्यात ही शस्त्रक्रिया करत नाहीत.

मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची गोलसर टोपी, नडगीच्या माथ्यावर चकती आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकची गादी बसवतात. ऑक्सफर्डचे शल्यविशारद जॉन गुडफेलो व अभियंता जॉन ओ'कॉनर यांनी घडवलेल्या सांध्यात ही गादी सरकती असते. अस्थिबंध जागेवर राहत असल्याने गुडघा पुष्कळदा 'आपला' वाटतो, आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो.

वयाचा प्रश्न मात्र वादाचा. १९८९ मध्ये मांडलेल्या निकषांनी साठीच्या आतले, ८२ किलोहून जड आणि अंगमेहनतीचे काम करणारे रुग्ण वर्ज्य ठरवले होते. पुढे हे निकष सैल झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५२८ रुग्णांच्या चाचणीत, पाच वर्षांनंतर वेदना व हालचालीच्या बाबतीत अर्धा आणि पूर्ण गुडघा जवळपास सारखे ठरले. टिकाऊपणात मात्र फरक पडतो: त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यानुसार २५ वर्षे टिकणारे पूर्ण गुडघे सुमारे ८२ टक्के, अर्धे सुमारे ७० टक्के. हे आकडे जपून वाचावेत. अर्धा गुडघा दुखू लागला की तो काढून पूर्ण बसवणे तुलनेने सोपे, त्यामुळे शल्यविशारद त्याला लवकर हात घालतात. तरीही पन्नाशीतल्या माणसाला पुढची वर्षेही जास्त काढायची असतात आणि सांधा वापरलाही जास्त जातो. दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता त्याने गृहीत धरलेली बरी. पाय बाकलेला पण झीज बेताची असेल, तर अशा रुग्णात नडगीचे हाड छेदून पाय सरळ करण्याचाही पर्याय असतो.

तरुणांत फसगत होते ती बहुधा घाईमुळे. हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, पूर्ण झिजलेली नसताना, नुसत्या दुखण्यावरून अर्धा गुडघा बदलला, तर दुखणे राहण्याची शक्यता बरीच असते.