६० दिवस आले कुठून? नोकरी गेलेल्या एच-१बीवाल्यांच्या मुदतीमागचा इतिहास

लातूर, नांदेड, संभाजीनगरातल्या ज्या ज्या घरातलं लेकरू अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, आहे त्या घरात २०२२ च्या हिवाळ्यापासून "६० दिवस" हा आकडा सगळ्यांना पाठ झालाय, म्हणजे नोकरी गेल्यावर दुसरी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधायला, नाहीतर देश सोडायला मिळणारी मुदत. पण ही मुदत आली कुठून असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, असेल की पहिल्यापासूनच, सरकारी नियम आहे तो. तर तसं नाहीये. ही सवलत जानेवारी २०१७ पासूनची आहे, म्हणजे आपल्या भागातली पहिली पोरं तिकडं गेली तेव्हा ती नव्हतीच, आणि तेव्हा नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून माणूस स्टेटसच्या, म्हणजे तिथं कायदेशीर राहायच्या दर्जाच्या, बाहेर. अजून एक, ती अमेरिकन काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, पास केलेल्या कायद्यात नाहीये, तिथल्या इमिग्रेशन खात्यानं काढलेल्या नियमात आहे, आणि हा फरक पुढं कामाला येतो म्हणून आधीच सांगून ठेवतो.

घरच्यांचा पहिला गोंधळ असतो पासपोर्टवरच्या स्टॅम्पचा. वडील म्हणतात अरे व्हिसा तर २०२७ पर्यंतचा दिसतोय, मग घाई कशाची. स्टॅम्प हा फक्त विमानतळापर्यंतचा कागद, दारातून आत जाऊ द्या म्हणून मागायचा. आत गेल्यावर राहायचा हक्क आय-९४ वर, म्हणजे आत शिरताना मिळणाऱ्या मुक्कामाच्या नोंदीवर, आणि कंपनीनं भरलेल्या अर्जावर चालतो, आणि तो अर्ज त्या एका कंपनीपुरता, त्या एका कामापुरता असतो. कंपनी सुटली की खालचा आधार गेला, वर तारीख २०२७ ची असो नाहीतर २०३० ची.

हे असं का, तर त्याचं मूळ १९५२ मध्ये आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी व्हेटो केला होता तरी तो झुगारून अमेरिकन काँग्रेसनं इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट पास केला आणि त्यात एच-१ हा वर्ग आला, विशेष योग्यतेच्या माणसांना तात्पुरतं बोलवायचं म्हणून. तात्पुरतं म्हणजे माणूसही तात्पुरता आणि कामही तात्पुरतं, कामाची ती अट १९७० मध्ये काढली. पण अर्ज मालकानंच करायचा ही गोष्ट पहिल्यापासून आहे आणि आजही तशीच आहे. माणूस स्वतः कुठंच अर्जदार नाही. मालकाला गरज आहे म्हणून त्याला बोलावलं, गरज संपली की परत जाईल, एवढा साधा विचार होता त्यामागं. मधल्या काळात तो माणूस तिथं भाड्यानं घर घेईल, लेकरं शाळेत घालेल, गाडीचे हप्ते भरेल हे कुणी धरलंच नव्हतं.

मग १९९० चा कायदा आला, थोरल्या बुश यांनी नोव्हेंबरात सही केली. आज आपण जो एच-१बी म्हणतो त्याचा सांगाडा इथला: वर्षाला ६५,००० ची मर्यादा, जास्तीत जास्त ६ वर्षं, आणि एच-१बीवर असताना ग्रीन कार्डासाठी प्रयत्न केला तरी चालेल ही मोकळीक. मुदत संपायच्या आधी कामावरून काढलं तर मायदेशी परतायचा वाजवी खर्च मालकानं द्यायचा ही अटही यातलीच, आणि ती फक्त कर्मचाऱ्यापुरती, बायकोलेकरांचं तिकीट त्यात येत नाही. म्हणजे नोकरी जाऊ शकते हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं, पण त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे तिकीट. दुसरी नोकरी शोधायला चार दिवस द्यावेत हा विचारच नाही. याच कायद्यात नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत असं ठरलं. भारतीयांची रांग पुढं इतकी लांबली ती ह्याच ७ टक्क्यांमुळं, आणि नोकरी गेल्यावरची भीती एवढी मोठी का झाली त्याचं उत्तरही बरंचसं इथंच आहे, कारण १०-१५ वर्षं राहून कागदावर अजून तात्पुरतेच अशी माणसं त्यातून तयार झाली.

इकडं आपल्याकडं १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं होतं. मराठवाड्यात आधी संभाजीनगरचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं, सरकारी कॉलेज होतं, नांदेडचं एसजीजीएस होतं, मग खासगी कॉलेजं वाढत गेली आणि नव्वदीच्या दशकात आपल्याकडूनही पोरं बाहेर पडायला लागली. नांदेडकडच्यांना तर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं, अमीरपेठेत जाऊन सहा महिन्यांचा कोर्स करायचा आणि तिथल्याच एखाद्या कन्सल्टन्सीकडं कागद द्यायचे. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर तारखा चुकवतील या, भीतीनं अमेरिकेत प्रोग्रामरची मागणी भयंकर वाढली होती. मर्यादा १९९८ च्या कायद्यानं १,१५,००० केली आणि २००० च्या कायद्यानं तीन वर्षांसाठी १,९५,००० वर नेली. अमेरिकेत जायला एवढा सोपा काळ त्याआधीही नव्हता आणि नंतरही आला नाही.

१९९८ च्या कायद्यात एक गोष्ट होती जी आपल्या पोरांना फार कमी माहीत होती, ती म्हणजे काम नाही म्हणून पगार न देता बेंचवर बसवायचं नाही. कायद्यात होतं, पण प्रत्यक्षात कन्सल्टन्सीवाले बसवायचेच. आमच्या कॉलेजच्या एका सिनियरचं २००१ मध्ये हेच झालं. प्रोजेक्ट संपला, न्यू जर्सीतल्या कन्सल्टन्सीच्या गेस्ट हाऊसवर आणून ठेवलं, एका खोलीत चौघं, मालक म्हणतोय आज लागेल उद्या लागेल, पगार बंद. दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू क्लिअर झाला तेव्हा तिथल्या वकिलानं पहिलं काय मागितलं तर शेवटच्या तीन पे स्लिपा. त्याच्याकडं शेवटची स्लिप मार्चची आणि महिना चालू होता जुलै. स्टेटस चालू होतं याचा पुरावा म्हणून इमिग्रेशनवाले पे स्लिपच बघतात, त्यामुळं तो चार महिन्यांचा खड्डा अर्जात लपवायची सोय नव्हती. तो सिनियर ऑगस्टमध्ये उदगीरला परत आला, आणि गल्लीत सगळ्यांना सुट्टीवर आलोय असंच सांगत होता.

तेव्हा "१० दिवस मिळतात" अशी एक अफवा जोरात होती, आणि ती पूर्ण हवेतली पण नव्हती. एच-१बीची मंजूर मुदत नीट पूर्ण झाली तर पुढं आवराआवर करायला १० दिवस देता येतात असा नियम खरंच होता, पण तो मुदत संपल्यावरचा, मध्येच नोकरी गेल्यावरचा नाही. लेऑफवाल्याला शून्य दिवस. फरक एवढाच की नवीन कंपनीनं उशिरा अर्ज भरला तर अधिकारी स्वतःच्या अधिकारात थोडाफार खंड माफ करू शकायचा, म्हणजे सगळं त्या टेबलावरच्या माणसावर. कुणाचा महिन्याचा खंड माफ व्हायचा, कुणाला सांगायचे की देशाबाहेर जाऊन परत या.

२००० च्या कायद्यानं, ज्याला तिकडचे वकील एसी-२१ म्हणतात, मोठं काम मात्र केलं होतं. नवीन कंपनीनं अर्ज भरला की मंजुरीची वाट न बघता तिथं कामाला लागता येतं, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढं गेलेली असेल तर ६ वर्षांच्या पुढंही मुदत वाढते. आजसुद्धा ६० दिवसांत नोकरी "लागली" म्हणजे काय, तर नवीन कंपनीचा अर्ज ६० दिवसांच्या आत पोचला. ऑफर लेटर हातात आलं म्हणजे झालं असं नाही, आणि इथंच लोक फसतात, कारण अर्जाच्या आधी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला साधारण आठवडा जातो.

१९९६ चा कायदा मध्येच आठवला म्हणून सांगतो, कारण त्याच्यावरून घरी उगाच रडारड होते. त्यात बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर देश सोडल्यावर ३ वर्षं बंदी, वर्षाच्या वर गेला तर १० वर्षं. पण स्टेटस तुटणं आणि हा मुक्काम मोजायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आय-९४ ची तारीख पुढची असेल तर सहसा ती तारीख उलटल्यावर किंवा इमिग्रेशननं तसा निर्णय दिल्यावरच मोजणी सुरू होते. म्हणून एकसष्टाव्या दिवशी लगेच १० वर्षांची बंदी लागते हे खरं नाही. स्टेटस गेलेलं असतं, पुढचे अर्ज अडकतात, पण ती बंदी नाही.

२००८ च्या मंदीत पुन्हा तीच कथा, नियम तोच, शून्य दिवस. बदल झाला ओबामांच्या दुसऱ्या टर्ममध्ये. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी इमिग्रेशनबद्दल बऱ्याच घोषणा केल्या, काँग्रेसकडून काही होईना म्हणून जे खात्याच्या अधिकारात बसतं ते करायचं ठरवलं. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत पुढं गेलेल्या एच-१बीवाल्यांच्या नवराबायकोला काम करायची परवानगी, म्हणजे एच-४ ईएडी, मे २०१५ मध्ये लागू झाली ती याच काळात. आणि ३१ डिसेंबर २०१५ ला एक मसुदा छापला गेला, त्यात ६० दिवस होते. पक्का नियम १८ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि लागू झाला १७ जानेवारी २०१७ ला. तारखा जुळवून बघा, ट्रम्प निवडून आले ८ नोव्हेंबरला आणि शपथ घेतली २० जानेवारीला. थोडक्यात बचावला म्हणायचा हा नियम, दोन-चार महिने उशीर झाला असता तर तो निघाला असता असं मला तरी वाटत नाही.

त्यात लिहिलंय काय ते नीट बघावं लागतं. "६० दिवसांपर्यंत", किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मंजूर मुदतीच्या एका काळात एकदाच. या दिवसांत काम करता येत नाही. बायकोलेकरांना पण लागू. एच-१बीबरोबर एल-१, ओ-१, टीएन, ई हे कामाच्या व्हिसाचे इतर वर्गही त्यात आहेत. आणि एक ओळ जी कुणी वाचत नाही, की खातं आपल्या मर्जीनं हे दिवस कमी करू शकतं किंवा नाकारू शकतं. मोजणी नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी कधी सुटली हे सहसा शेवटचा पगार कुठल्या दिवसाचा यावरून ठरतं. कंपनीनं चार महिन्यांचा सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जातानाची भरपाई, दिला म्हणून चार महिने वाढत नाहीत. याच नियमात अजून एक चांगली तरतूद होती, ग्रीन कार्डसाठी मालकानं भरलेला अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या मालकानं तो मागं घेतला तरी त्याची मंजुरी रद्द होत नाही आणि तुमची रांगेतली तारीख राहते. दहा-बारा वर्षं रांगेत उभ्या माणसाला हे ६० दिवसांपेक्षा मोठं आहे, पण चर्चा सगळी ६० चीच.

कोविडमध्ये मुदत वाढवा म्हणून मागणी झाली, वाढली नाही. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटानं ११,००० जणांना काढलं, जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनचा आकडा १८,००० वर गेला, मायक्रोसॉफ्टचे १०,०००, गूगलचे १२,०००, आणि तेव्हा कुठं हा नियम सगळ्यांना कळला. डिसेंबर २०२२ मध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या इमिग्रेशन खात्यानं, काय काय पर्याय आहेत ते एकत्र लिहून टाकलं: नवीन कंपनीचा अर्ज, जोडीदार एच-१बीवर असेल तर एच-४, शिक्षणासाठी एफ-१, नाहीतर बी-२ म्हणजे व्हिजिटर. ६० दिवसांत बी-२ चा अर्ज भरला की निकाल लागेपर्यंत थांबता येतं, काम करता येत नाही, इंटरव्ह्यू देता येतात, तेही खात्यानं मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ मध्येच आशियाई-अमेरिकनांसाठीच्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार आयोगानं ६० चे १८० दिवस करा अशी शिफारस केली. शिफारसच राहिली ती. ऑस्ट्रेलियानं मात्र जुलै २०२४ पासून स्पॉन्सर्ड कामगारांना एका वेळी १८० दिवस दिले, त्यांचेही आधी ६० च होते. म्हणजे जमत नाही असं काही नाही.

२०२५ मध्ये हवा पालटली. फेब्रुवारीत यूएससीआयएसनं असं धोरण काढलं की अर्ज नाकारला आणि त्या वेळी माणूस स्टेटसमध्ये नसेल तर साधारणपणे त्याला इमिग्रेशन कोर्टाची नोटीस, म्हणजे एनटीए, काढायची. त्यामुळं बी-२ टाकून निवांत बसणं पूर्वीइतकं बिनधोक राहिलं नाही. मग १९ सप्टेंबरला नवीन एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरची फी लावणारा ट्रम्प यांचा जाहीरनामा. ऑक्टोबरात खुलासा आला की देशाबाहेर असलेल्या आणि हातात चालू एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवीन अर्ज असेल तर ती फी, आतल्या आत कंपनी बदलणाऱ्याला किंवा स्टेटस बदलणाऱ्याला नाही, पण आतल्याचं स्टेटस तुटलेलं आहे म्हणून बदल नाकारला गेला तर फी लागू.

याचा हिशोब असा की उदगीरला परत आलेला तो सिनियर २००४ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या अर्जावर पुन्हा गेला होता, ६ वर्षांतली उरलेली वर्षं वापरून, त्यासाठी त्याला वर्षाच्या मर्यादेच्या कोट्यात परत उभं राहावं लागलं नाही. ती उरलेली वर्षं वापरायची सोय आजही आहे. फक्त २०२५ च्या त्या जाहीरनाम्यानुसार व्हिसाची तारीख उलटलेल्या माणसासाठी गावाकडून अर्ज करायचा तर कंपनीला आधी एक लाख डॉलर मोजावे लागतात, आणि मधल्या फळीतल्या इंजिनिअरसाठी एवढे पैसे मोजणारी कंपनी विरळाच.