विहिरीतले थर आणि घाटातले धोंडे

सोलापूर परिसरात कुठे नवी विहीर खोदली जात असेल, तर काठावर उभे राहून आत जरूर पाहावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या नावाचा ठिसूळ दगड आणि सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण असे थर दिसतात; काही ठिकाणी दोन लाव्हाथरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे असेच थर पुणे-मुंबई वाटेवरच्या बोरघाटात कडा होऊन उघडे पडले आहेत.

काळा पाषाण कठीण असला, तरी अखंड नसतो. लाव्हा थिजताना आकसल्यामुळे त्यात उभ्या चिरा पडलेल्या असतात. खालचा मऊ थर पावसाने झिजून आत सरकतो, वरचा पाषाण सज्जासारखा पुढे उरतो, आणि चिरांतल्या पाण्याच्या दाबाने व पिंपळ-उंबराच्या मुळ्यांनी सैल झालेला धोंडा एक दिवस निसटतो. चिखलाचा लोंढा काय किंवा असा सुटा धोंडा काय, आपण दोन्हींना ‘दरड कोसळली’ असेच म्हणतो. मात्र धोंडा पाऊस ओसरल्यावर, लख्ख उन्हातही सुटू शकतो.

जुन्या मार्गांवर यात माणसाच्या हातचीही भर पडली आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली, पण घाटातला लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडले. तोवर सोलापूरहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला घाट रस्त्यानेच उतरावा लागे. असे मार्ग कोरताना उडवलेल्या सुरुंगांनी वाट मोकळी झाली, तशा मागच्या कातळातल्या चिराही रुंदावल्या.

अर्धा मीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा धोंडा सुमारे ३५० किलो भरतो, आणि ५० मीटरवरून सरळ पडला तर खाली येईतो त्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास जातो. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यानंतर घाटातल्या कड्यांवर पोलादी जाळ्या बसवण्यात आल्या. जाळी लहान दगड अडवते. मोठा ठोकळा मात्र कातळात खोल रोवलेल्या सळयांनी जखडावा लागतो, नाहीतर आधीच पाडावा लागतो. रेल्वेची पथके पावसाळ्यापूर्वी कड्यांवर चढून नेमके हेच करतात. दगड सैल आहे की नाही, याची पहिली परीक्षा आपल्याकडच्या खाणीतली माणसेही जाणतात: हातोड्याच्या ठोक्याला घट्ट पाषाण खणखणतो, आणि मागून सुटलेला बद्द वाजतो.