क्रिप्टोतल्या पहिल्यावहिल्या प्रश्नांची पार्श्वभूमी

क्रिप्टोकरन्सीकडे नव्याने वळलेल्या माणसाचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. हे चालवतं कोण? नाणी येतात कुठून? माझी नाणी नेमकी असतात कुठे? फसवणूक झाली तर तक्रार कुणाकडे करायची? प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण ते पटत नाही. ही रचना मुद्दाम अशी का केली, ते कळल्याशिवाय पटणारही नाही.

मुळातली अडचण अशी, की संगणकावरच्या कुठल्याही गोष्टीची हुबेहूब नक्कल क्षणात निघते. नोट दिली की हातातून जाते. फाइल पाठवली तरी आपल्याकडे राहतेच. मग एकच डिजिटल नाणं दोघांना देण्यापासून माणसाला अडवायचं कसं? सरळ उपाय म्हणजे मध्ये एक हिशेबनीस बसवणं. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८०च्या दशकात त्याची फार सुंदर पद्धत शोधली. खर्च कोण करतंय हे बँकेला कळत नसे, तरी नाणं दुसऱ्यांदा खपत नसे. त्यासाठी त्यांनी डिजिकॅश ही कंपनी काढली. १९९८मध्ये ती दिवाळखोरीत गेली. गणितात खोट नव्हती, पण सगळा डोलारा एका कंपनीवर उभा होता.

दरम्यान १९९७मध्ये ॲडम बॅक यांनी नकोशा ईमेलवर तोडगा म्हणून हॅशकॅश सुचवलं होतं. मेल पाठवण्याआधी संगणकाने थोडी आकडेमोड करून दाखवायची. एका मेलसाठी ती किरकोळ, पण लाखो मेल पाठवणाऱ्याला न परवडणारी. आजच्या मायनिंगचं, म्हणजे आकडेमोड करून नवी नाणी मिळवण्याच्या स्पर्धेचं, बीज इथे आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइन या डिजिटल नाण्याची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. हिशेबनीसच काढून टाका आणि वही सगळ्यांकडे द्या, हा त्याचा गाभा. ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे या वहीच्या पहिल्या पानात, सातोशीने त्याच दिवशीच्या लंडनच्या 'द टाइम्स'मधला मथळा कोरून ठेवला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात आहेत, अशी ती बातमी. सातोशी कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

वहीत नवं पान कुणी जोडायचं, हे मायनिंग ठरवतं. व्यवहारांच्या गठ्ठ्याला एक आकडा जोडून त्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघणारा बोटाच्या ठशासारखा एक आकडा, काढायचा. हॅश ठरलेल्या मर्यादेखाली आला नाही तर जोडलेला आकडा बदलून पुन्हा. आडवाट नाही, फक्त अगणित प्रयत्न. उत्तर बरोबर आहे की नाही, हे मात्र कोणताही साधा संगणक लगेच तपासू शकतो. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक पडावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर अवघडपणा जुळवून घेतला जातो. जिंकणाऱ्याला सुरुवातीला ५० बिटकॉइन मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मं होतं. एप्रिल २०२४पासून ते ३.१२५ आहे. दोन कोटी दहा लाखांची कमाल मर्यादा या निम्मं होत जाण्यातूनच येते.

किमतीचा प्रश्न तुलनेने सोपा. कुणीतरी घ्यायला तयार असेल तेवढीच किंमत. २२ मे २०१० रोजी लास्झलो हान्येझ यांनी दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले.

चालवतं कोण, हे समजायला मला ऑगस्ट २०१०ची घटना सर्वांत उपयोगी वाटते. बेरजेतल्या एका त्रुटीमुळे एकाच व्यवहारात १८,४०० कोटींहून अधिक बिटकॉइन शून्यातून तयार झाले. काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर आलं, लोकांनी ते स्वखुशीने चढवलं आणि ब्लॉकची नवी साखळी चुकीच्या साखळीपुढे गेली. हुकूम सोडणारं कुणी नव्हतं. कोणती वही खरी मानायची, हे वापरणाऱ्यांनी ठरवलं.

नाणी वॉलेटमध्ये, म्हणजे ती वापरण्याच्या ॲपमध्ये किंवा उपकरणात, नसतातच. ती वहीतली नोंद असते. वॉलेटमध्ये असते ती नोंद हलवणारी प्रायव्हेट की, म्हणजे एक गुप्त आकडा. लांबलचक की उतरवताना चुका होतात, म्हणून २०१३मध्ये २,०४८ शब्दांच्या यादीतून निवडलेल्या शब्दांची पद्धत पुढे आली. नवं वॉलेट उघडताना बारा किंवा चोवीस शब्द लिहून घ्यायला सांगतात ते याचसाठी. बहुतेक नवखे मात्र एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकत घेण्या-विकण्याच्या कंपनीकडे, खातं उघडतात; मग की राहते दुसऱ्याच्या हातात. माउंट गॉक्स हे असंच एक एक्स्चेंज २०१४मध्ये कोसळलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातले दोन लाख नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. दोन्हीकडे ग्राहकांना पडद्यावर शिल्लक दिसत होती. कोणतं नाणं घ्यावं, हे विचारण्याआधी की कुणाकडे राहणार, हे विचारावं असं मी कळकळीने सांगतो.

आता तक्रारीचं. २०१५मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या दुसऱ्या वहीवर जून २०१६मध्ये 'द डाओ' या सामूहिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं नाणं) पळवले गेले. पुढच्या महिन्यात बहुसंख्यांनी नियम बदलून ते परत मिळवले. ज्यांना हे मान्य नव्हतं, ते जुन्याच वहीवर राहिले. तीच इथेरियम क्लासिक. नोव्हेंबर २०१७मध्ये पॅरिटी वॉलेटमधल्या दोषाने पाच लाखांहून अधिक इथर गोठले. तेव्हाही तसाच बदल करा अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. ते इथर अजून तिथेच आहेत: वहीत सगळ्यांना दिसतात, पण कुणालाही हलवता येत नाहीत.