‘ओरिजिनल’ म्हणजे नेमका कुठला? बंद झालेल्या इंजिन पार्टांची पार्श्वभूमी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कितीतरी मोटरसायकल कंपन्या इंजिन स्वतः बनवतच नसत. जॅप किंवा व्हिलिअर्सचं तयार इंजिन घ्यायचं, आपल्या सांगाड्यात बसवायचं आणि टाकीवर आपलं नाव रंगवायचं. त्यामुळे गाडीची कंपनी बुडाली तरी इंजिनाचे पार्ट मिळत राहत, आणि जो मिळत नसे तो चांगला टर्नर लेथवर करून देई. पार्ट ‘बंद झाला’ म्हणून अख्खं इंजिन वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहणं, ही अडचण पुढच्या काळातली आहे.

तिची सुरुवात ब्रिटिश कारखाने कोसळले तिथून धरावी लागते. व्हिन्सेंटचं उत्पादन १९५५ मध्येच थांबलं होतं, व्हेलोसेट १९७१ मध्ये गेली. १९७३ मध्ये बीएसए आणि ट्रायम्फ हे नॉर्टनच्या मालकांच्या हाती एकत्र आले आणि त्याच सप्टेंबरमध्ये मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना बंद करण्याचं जाहीर झालं. कामगारांनी दरवाजे अडवले. तयार गाड्या, साचे, सुटे भाग सगळं आत अडकलं. १९७५ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना पुन्हा सुरू केला, तोही १९८३ मध्ये संपला. त्यानंतर ट्रायम्फच्या बॉनव्हिल या मॉडेलचं उत्पादन परवान्यावर चालवलं ते एका स्पेअर पार्ट बनवणाऱ्या व्यावसायिकाने, १९८५ ते १९८८ पर्यंत. ज्याचा धंदा पार्टांचा, त्यानेच अख्खी गाडी जिवंत ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारखाना विकला जातो तेव्हा जागेला आणि मोठ्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळतं. एकाच पार्टासाठी केलेले डाय, जिग आणि फिक्श्चर, म्हणजे तो पार्ट घडवायचे साचे आणि पकडून ठेवायच्या चौकटी, मात्र दुसऱ्या कुणाच्याच कामाचे नसतात, म्हणून ते वजनावर भंगारात जातात. पार्ट खऱ्या अर्थाने बंद होतो तो त्या दिवशी. कंपनीला दहा वर्षं पार्ट द्यावेच लागतात असं सगळे ठामपणे सांगतात, पण सगळीकडे लागू होईल असा कायदा नाही. व्हिन्सेंटवाल्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. मालकांच्या संघटनेने स्वतःचीच स्पेअर कंपनी काढली, पार्ट नव्याने बनवून घेतले आणि आज त्या गाडीचं अख्खं इंजिन नव्या पार्टांतून उभं करता येतं. ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या कमी खपलेल्या जपानी मॉडेलचं तसं होईलच असं नाही.

जपानी गाड्यांचा शोध वेगळ्या वाटेने जातो, कारण तिथे पार्ट नंबरच बोलतो. होंडाचा १३१०१-३०० ने सुरू होणारा नंबर घ्या. पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात: १३१०१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, १३१०२ म्हणजे पाव मिलिमीटर ओव्हरसाइज (झिजलेला सिलिंडर मोठा करून घेतल्यावर बसणारा), १३१०३ म्हणजे अर्धा. मधले तीन आकडे तो पार्ट पहिल्यांदा कोणत्या मॉडेलसाठी केला ते सांगतात, आणि ३०० म्हणजे १९६९ ची सीबी ७५०. सीबी ५५० च्या पार्ट बुकात जागोजागी ३२३ दिसतो, म्हणजे तो पार्ट मुळात सीबी ५०० चा. हे एकदा कळलं की आपल्या मॉडेलच्या नावाने शोधणं सुटतं आणि मधल्या आकड्यांवरून शोध सुरू होतो. यामाहाने मॉडेलचा कोड पुढे ठेवला, पण विचार तोच.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यावरून सर्वांत जास्त पैसे वाया जातात आणि सर्वांत जास्त भांडणं होतात. ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द आपण किमान चार गोष्टींसाठी वापरतो. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी तिच्यात बसलेला पार्ट हा पहिला. त्याच काळात बनलेला, पण कधीच न बसवता खोक्यात राहिलेला कोरा पार्ट हा दुसरा. याला एनओएस, म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’, म्हणतात. कंपनीच्या खोक्यातून आलेला, पण नंतर कधीतरी, कदाचित दुसऱ्याच पुरवठादाराने बनवलेला पार्ट हा तिसरा. आणि ज्याने मूळ पार्ट बनवला त्याच पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला हा चौथा. गाडीच्या कंपन्या बेअरिंग किंवा कार्ब्युरेटर सहसा स्वतः बनवत नसत, पिस्टन-रिंगाही पुष्कळदा बाहेरूनच येत. म्हणून चौथा पार्ट पुष्कळदा पहिल्याचा सख्खा भाऊ असतो, तरी त्याच्या खोक्यावर गाडीचं नाव नसल्यामुळे त्याला ‘डुप्लिकेट’ ठरवून बाजूला सारतात. हे चूक आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे कोरा जुना पार्ट हा उत्तमच असणार असं धरून चालणं. तपकिरी मेणकागदात गुंडाळलेला, घट्ट झालेल्या ग्रीसखालून चकचकीत निघालेला पिस्टन हातात आला की जो आनंद होतो तो मला पुरता ठाऊक आहे, आणि पिस्टनच्या बाबतीत तो आनंद रास्तही आहे. तशाच खोक्यातलं ऑइल सील काढून ओठ नखाने दाबला तर बारीक भेगा उमटतात. रबर खोक्यात बसूनही म्हातारं होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसण्यासाठी ते बनलेलं नव्हतं, हे आणखी वेगळं. जुन्या गॅस्केटमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ज्यावर युरोपीय संघात २००५ पासून संपूर्ण बंदी आहे.

नॉर्टन कमांडोचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९७२ च्या सुरुवातीच्या ‘कॉम्बॅट’ इंजिनात कॉम्प्रेशन १०:१ पर्यंत नेलं. वरच्या आरपीएमला क्रँक लवू लागला, सरळ रोलरच्या कडा रेसमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या कड्यात, रुतू लागल्या आणि मेन बेअरिंगं काही हजार मैलांत गेली. त्याच वर्षी टोकांना किंचित निमुळते रोलर असलेलं बेअरिंग आलं, तेच ‘सुपरब्लेंड’. म्हणजे त्या बदलाआधीचं, सीलबंद खोक्यातलं मेन बेअरिंग हे शंभर टक्के ओरिजिनल आहे, आणि तेच बसवू नये. आज तिथे बसतं ते एनजे ३०६ ई जातीचं बेअरिंग: आतून ३० मिमी, बाहेरून ७२, रुंदी १९. ते मोटरसायकलच्या दुकानात नव्हे, बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ‘बंद’ म्हणून सोडून दिलेले किती पार्ट असे केवळ वेगळ्या कपाटात असतात!

आट्यांचाही घोळ याच जातीचा. जपानी गाड्यांत साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जुने जेआयएस (जपानी मानकाचे) आटे होते: ५ मिमी स्क्रूची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.९ मिमी, तर नंतरच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) स्क्रूची ०.८. नवा स्क्रू जुन्या क्रँककेसमध्ये दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो, मग अडकतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे स्क्रूबरोबर बाहेर येतात. ब्रिटिश इंजिनांत साठच्या दशकाच्या अखेरीस व्हिटवर्थ आणि सायकल या जुन्या ब्रिटिश आट्यांकडून युनिफाइड या नव्या मानकाकडे हळूहळू बदल झाला, आणि बदलाच्या वर्षांतल्या गाड्यांत दोन्ही सापडतात.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चित्र पालटलं. कोपऱ्यातल्या दुकानांचा पडून राहिलेला माल ऑनलाइन लिलावात आला, पार्ट बुकं स्कॅन होऊन सगळ्यांच्या हाती आली. भाव चढले, आणि जुन्या खोक्यात नवा माल भरून विकणारेही आले. उलट कावासाकीने २०१० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या झेड वन या जुन्या मॉडेलचं सिलिंडर हेड पुन्हा ओतायचं ठरवलं, मूळ गाडी आल्यावर जवळपास अर्ध्या शतकाने. ते हेड ओरिजिनल की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते निःसंशय ओरिजिनल.

सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आणि थ्रीडी स्कॅनिंगमुळे एकेकटा पार्टही आता परवडेल अशा बेताने बनवता येतो. पण झिजलेला कॅम स्कॅन केला तर झीजही जशीच्या तशी नव्या कॅमवर उतरते, आणि स्कॅनला माप कळलं तरी त्या मापात किती ढील चालते हे कळत नाही. ते मूळ ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. ड्रॉइंग हरवलं असेल तर न झिजलेला नमुना लागतो. त्यामुळे खोक्यातला तो एकुलता एक कोरा कॅम आता इंजिनात बसवण्याऐवजी मोजायला दिला जातो, आणि त्याच्या मापांवरून पुढचे पन्नास कॅम निघतात.